चष्मा आपल्या नाकावर, तर फ्रेमही आपल्या पसंतीची

हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या. तांदूळ निवडत असाल, शेंगा सोलत असाल, पोलक्याला हुक लावत असाल तर फारच छान, कारण आजचा विषय त्याच कामाशी जोडलेला आहे. आज आपण चष्म्याबद्दल बोलणार आहोत. त्यातही नंबराबद्दल थोडं आणि फ्रेमबद्दल जास्त.

फ्रेमबद्दल एवढं काय बोलायचं, असं काहीजणींना वाटेल. दुकानात गेलं, दोन-चार फ्रेम डोळ्यांवर चढवून पाहिल्या, परवडेल ती घेतली, संपलं. पण कळमनुरीत आणि आसपासच्या गावांत आम्ही बायकांशी बोलतो तेव्हा एक गोष्ट सारखी दिसते. चष्मा असतो, पण तो डोळ्यांवर नसतो. तो कपाटात असतो, देवळीत असतो, पर्सच्या तळाशी असतो. का लावत नाही म्हणून विचारलं की उत्तरं येतात: नाकावरून घसरतो. कानामागं टोचतो. खाली वाकलं की पडतो. त्यात मी म्हातारी दिसते. आता नीट बघा, यातली एकही तक्रार काचेची नाही. सगळ्या फ्रेमच्या आहेत. नंबर बरोबर, काच बरोबर, पैसे मोजलेले, आणि तरी डोळे उघडेच.

असं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळांमध्ये याची पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष २०१३ साली छापून आले. मुलांना चष्मे दिल्यावर सहा महिने ते वर्षभराने पुन्हा शाळेत जाऊन पाहिलं, तर १,०१८ मुलामुलींपैकी फक्त ३०० जणांच्या डोळ्यांवर चष्मा होता. उरलेल्यांपैकी बहुतेकांनी सांगितलं, चष्मा घरी आहे. अशा पाहण्या इतर देशांतही झाल्या आहेत. ‘चिडवतात’ आणि ‘चांगला दिसत नाही’ ही कारणं त्यांत वारंवार येतात. म्हणजे चष्मा दिसतो कसा आणि बसतो कसा, याला नटणं-मुरडणं म्हणून हसण्यावारी नेऊ नका. आवडलेला आणि नीट बसलेला चष्माच वापरला जातो. न आवडलेला कपाटात जातो.

वाचता येत नाही, मग चष्मा कशाला?

आपल्या मराठीत वयालाही चाळिशी म्हणतात आणि त्या वयात लागणाऱ्या चष्म्यालाही चाळिशीच म्हणतात. डोळ्यात एक नैसर्गिक भिंग असतं. तरुणपणी ते लवचिक असतं. जवळचं पाहताना ते फुगतं आणि वस्तू स्पष्ट दिसते. वय वाढतं तसं ते कडक होत जातं, फुगेनासं होतं. मग औषधाची पट्टी हातभर लांब धरावी लागते, सुई ओवायला लेकराला हाक मारावी लागते. शिवणकाम जास्त केलं म्हणून असं होत नाही, रडलं म्हणूनही होत नाही. बाई असो की पुरुष, शिकलेली असो की न शिकलेली, चाळिशीच्या आसपास हे सगळ्यांच्या वाट्याला येतं.

पण ‘मला कुठं वाचायचंय’ असं म्हणून कितीतरी जणी चष्मा टाळतात. जवळचं दिसणं फक्त वाचण्यासाठी लागतं का? तांदळातला खडा, लेकराच्या बोटात शिरलेला काटा, डाळीतली अळी, वजनकाट्यावरचा आकडा, गोळीच्या पट्टीचा रंग, मोबाइलवर फोन कुणाचा आला ते नाव, हे सगळं जवळचंच दिसणं आहे. बचत गटाच्या वहीत आपल्या नावापुढे किती रक्कम मांडली, तेही आपल्याच डोळ्यांनी बघितलेलं बरं. अंगणवाडीताईला आणि आशाताईला तर दिवसभर रजिस्टर आणि मोबाइलचं ॲप सोडून चालतच नाही.

आसाममधल्या चहाच्या मळ्यांत याची चाचणी झाली, ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांचे दोन गट केले. एका गटाला जवळचं पाहण्याचा साधा चष्मा लगेच दिला, दुसऱ्याला चाचणी संपल्यावर. चष्मा मिळालेल्या गटाची पानं खुडण्याची गती दुसऱ्या गटाच्या तुलनेत जवळपास २२ टक्क्यांनी जास्त वाढली. चहाची पानं खुडायला वाचता यावं लागत नाही, पण कोणतं पान कोवळं ते दिसावं लागतं. आपल्या हिंगोली जिल्ह्यात हळद निवडणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या, मिरची निवडणाऱ्या बायांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

तरी घरात चष्म्याच्या पैशांचाही एक नंबर लागलेला असतो. आधी शाळेतल्या लेकराचा, मग घरधन्याचा, मग सासू-सासऱ्यांचा, आणि उरलं तर आपला. तो आपला चष्माही पुष्कळदा दुसरंच कुणीतरी आणून देतं. पोरगा हिंगोलीला किंवा नांदेडला जाणार असतो, त्याच्याकडे नंबराचा कागद देतात, तो एक फ्रेम पसंत करतो आणि घेऊन येतो. त्याची माया खोटी नाही. पण साडी दुसऱ्याने आणली तर चालते, कारण साडी सगळ्यांना सारखीच बसते. चष्मा चपलेसारखा आहे. माप ज्याचं, त्यानेच पायात घालून बघावं लागतं.

आधी नंबर, मग फ्रेम

दुकानात जायच्या आधी डोळे तपासून घ्या. कळमनुरीच्या उपजिल्हा रुग्णालयात विचारा, डोळे तपासण्याचा वार आणि वेळ कळेल. चाळिशीनंतरची तपासणी फक्त नंबरासाठी नसते. मोतीबिंदू, काचबिंदू आणि साखरेमुळे पडद्यावर झालेला परिणाम हेही तेव्हाच लक्षात येतं. काचबिंदू तर दुखल्या-खुपल्याशिवाय नजर खात जातो. साखर असलेल्यांनी साखर आटोक्यात असतानाच नंबर काढावा, कारण साखर वर-खाली झाली की नंबरही बदलतो.

बाजारात तयार चष्मे मिळतात, त्यांचं काय, असं आम्हाला नेहमी विचारतात. त्या चष्म्यात दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो आणि तो फक्त जवळचं बघण्याचा असतो. दोन्ही डोळे सारखे असतील, तिरपा नंबर नसेल, तर निवडण-टिपण करायला तो चालतो. त्याने डोळा बिघडत नाही. पण एकदा तपासणी करून मगच घ्या, आणि तो घालून रस्त्याने चालू नका, लांबचं धूसर दिसतं.

नंबर कळला की कोणती फ्रेम शोभेल हे अर्धं ठरतंच. लांबचा, म्हणजे उणे नंबर मोठा असेल तर काच कडेला जाड होते. अशा वेळी मोठी चौकोनी फ्रेम घेतली की जाडी आणि वजन दोन्ही वाढतं. लहान, गोलसर, पूर्ण कडा असलेली फ्रेम घेतली की जाडी झाकली जाते. अधिक नंबर मोठा असेल तर काच मध्ये जाड असते, त्यालाही लहान फ्रेमच बरी. दुहेरी नंबर असेल, म्हणजे वर लांबचा आणि खाली जवळचा, तर काचेला उंची हवी, साधारण तीन सेंटिमीटर. चपटी, पट्टीसारखी फ्रेम दिसायला नाजूक असते, पण तिच्यात खालच्या नंबराला जागाच उरत नाही.

काडीवरचे तीन आकडे

आता एक गंमत करा. घरात कुणाचा दुकानातून घेतलेला चष्मा असेल तर तो घ्या आणि काडीच्या आतल्या बाजूला बघा. बारीक इंग्रजी आकडे दिसतील, ५२, १८, १४० असे काहीतरी. हे मिलिमीटरमधलं माप आहे. पहिला आकडा एका काचेच्या रुंदीचा, दुसरा नाकावरच्या पुलाचा, तिसरा काडीच्या लांबीचा. पहिला आकडा ५० च्या आत असेल तर फ्रेम लहान, ५५ च्या वर गेला तर मोठी. तुम्हाला नीट बसणारा एखादा जुना चष्मा असेल तर हे तीन आकडे कागदावर लिहून दुकानात न्या. शंभर फ्रेम उलथापालथ करण्याचा वेळ वाचेल.

आकडे नसले तरी आरशात तीन गोष्टी बघता येतात. फ्रेमची रुंदी कानशिलापर्यंत असावी, बाहेर डोकावू नये आणि आतही रुतू नये. बुबुळ काचेच्या साधारण मधोमध यावं, फार तर नाकाच्या बाजूला किंचित. आणि फ्रेमची वरची कड भुवयांच्या रेषेला धरून असावी. नाक बसकं असेल तर एकसंध प्लॅस्टिकची फ्रेम घसरते. अशांनी नाकाशी छोटे पॅड असलेली फ्रेम घ्यावी, ते पॅड आत-बाहेर वळवून नाकाप्रमाणे बसवता येतात.

मग खरी परीक्षा. दुकानात आपण खुर्चीत ताठ बसून आरशात बघतो, पण आपला दिवस वाकण्यात जातो. खुरपणी वाकून, झाडलोट वाकून, भाकरी थापणं वाकून. म्हणून दुकानातच चष्मा घालून खाली वाका, मान हलवा. घसरला तर ती फ्रेम नको, किंवा काड्या वळवून घट्ट करून घ्या. मोठ्याने हसा. हसताना गाल चष्म्याला वर ढकलत असतील तर घामाचे डाग रोज काचेवर पडतील. डोक्यावरून पदर घेत असाल तर पदर घेऊन बघा. कानात वेल असेल, अंबाडा घालत असाल, तर जाड काडी कानामागं दाटते. लाजू नका, हे सगळं दुकानदारासमोर करा. शंभर जण फ्रेम घेतात, त्यांतली एक नीट पारखून घेते, एवढंच त्याला वाटेल.

चेहरा, रंग आणि टिकली

आता आवडीची गोष्ट. गोल चेहऱ्याला थोडी कोनदार फ्रेम उठून दिसते, चौकोनी जबड्याला गोलसर, लांबट चेहऱ्याला जरा उंच काचेची. पण हा काही नियम नाही, सुरुवात कुठून करायची त्याची खूण आहे. मन भरलं ती फ्रेम आपली.

रंग दिव्याखाली ठरवू नका. फ्रेम घालून दुकानाच्या दारात या आणि उजेडात बघा. गहू वर्णाला आणि सावळ्या रंगाला तपकिरी, मरून, वांगी, बाटलीहिरवा, मंद सोनेरी हे रंग छान खुलतात. काळी जाड फ्रेम चेहऱ्याआधी डोळ्यांत भरते, तशी हवी असेल तर जरूर घ्या. रंग लग्नातल्या शालूशी जुळवू नका, रोजच्या चार साड्यांशी किंवा ड्रेसशी जुळवा. टिकली लावून जा. नाकावरचा पूल फार वर असेल तर टिकली आणि फ्रेम एकमेकींना खेटतात, मधे थोडी मोकळी जागा असली की दोन्ही शोभतात.

एक अडचण मात्र खरी आहे. जिला दिसत नाही म्हणून चष्मा घ्यायचा, तिला बिननंबरी फ्रेम घालून आरशात स्वतःचा चेहरा कसा दिसणार? यावर उपाय सोपा. सोबत मैत्रीण न्या आणि प्रत्येक फ्रेममध्ये समोरून आणि बाजूने मोबाइलवर फोटो काढायला सांगा. मग जुना चष्मा लावून सगळे फोटो निवांत बघा. मैत्रिणीचं मत ऐका, पण शेवटचा शब्द आपला.

बायकांच्या फ्रेमला रूप यावं, हा विचारही एका बाईच्याच डोक्यातून आला होता. न्यूयॉर्कमध्ये दुकानांच्या काचेमागची सजावट करणाऱ्या अल्टिना शिनासी यांना १९३० च्या दशकात चष्म्यांच्या दुकानात सगळ्या निरस फ्रेम दिसल्या. त्यांनी मुखवट्याच्या आकारावरून टोकं वर उचललेली फ्रेम तयार केली. पुढे हीच मांजरडोळी फ्रेम जगभर गेली. जुन्या अल्बममध्ये एखाद्या शिक्षिका आत्याच्या किंवा आजीच्या डोळ्यांवर ती सापडेल. आज दुकानात तीच पुन्हा नवी म्हणून मांडलेली असते.

पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

फ्रेमचा भाव, काचेचा भाव आणि काचेवरच्या थराचा भाव वेगवेगळा विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नजरेच्या चष्म्यावरचा जीएसटी ५ टक्के झाला आहे, म्हणून पक्कं बिल मागा. नंबराचा कागद आणि दोन बुबुळांमधल्या अंतराचं माप आपल्याकडे ठेवा.

फ्रेमवर कंपनीचं नाव ठसठशीत असेल तर त्या नावाचेही पैसे आपण देतो. त्यापेक्षा बिजागरी मजबूत आहे का ते बघा, काडी दोन-चार वेळा उघडून मिटून पाहा. हलकी, वाकली तरी न मोडणारी प्लॅस्टिकची फ्रेम शेतात जाणाऱ्यांना आणि लहान लेकरं असलेल्यांना सोयीची पडते, लेकरू पहिला हात चष्म्यालाच घालतं. खोटे कानातले घातल्यावर ज्यांचा कान खाजतो किंवा चिघळतो, त्यांनी स्वस्त धातूची फ्रेम टाळावी. तिच्यातल्या निकेलने नाकावर आणि कानामागंही तसंच होऊ शकतं. पारदर्शक फ्रेमची सध्या फॅशन आहे, पण हळदीच्या हंगामात काम करणाऱ्यांनी विचार करून घ्यावी, फिकट प्लॅस्टिकवर पिवळेपणा चढू शकतो.

काचेवर ओरखडे रोखणारा थर घेण्यासारखा आहे. मोबाइलच्या निळ्या प्रकाशापासून वाचवणारी काच म्हणून जादा पैसे मागितले तर मात्र थांबा. २०२३ साली १७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात अशा काचेने डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही दिसलं नाही. ते पैसे चांगल्या फ्रेमला लावा.

पैशांची अडचण असेल तर हेही ध्यानात ठेवा. अंधत्व आणि दृष्टिदोष नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात शाळकरी मुलांना आणि जवळचा चष्मा लागणाऱ्या गरजू वयस्कर माणसांना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. सरकारी रुग्णालयात त्याची चौकशी करा. आणि मोफत चष्मा मिळाला तरी ‘यात दुसरं माप आहे का, दुसरा रंग आहे का’ हे विचारायला कचरू नका.

नवा चष्मा पदराने पुसू नका, आपल्याकडच्या धुळीने काचेवर रेघा पडतात. पाण्याखाली धरा, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब लावा, मऊ सुती कापडाने टिपा. दोन्ही हातांनी काढा-घाला. चुलीपुढे किंवा उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, प्लॅस्टिक वाकतं. महिन्या-दोन महिन्यांनी सैल झाला तर दुकानात जाऊन काड्या आणि स्क्रू घट्ट करून घ्या.

लेकींना चष्मा लागला तर

लेकीला नंबर निघाला की घरात पहिला प्रश्न अभ्यासाचा निघत नाही, लग्नाचा निघतो. मग ‘सारखा लावू नको, नंबर वाढेल’, ‘फोटोत काढून ठेव’ असं सुरू होतं. चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही. वाढत्या वयात डोळ्याचा गोळा वाढतो म्हणून तो वाढतो, चष्मा असो वा नसो. उलट लहानपणी गरज असून चष्मा दिला नाही, तर एखादा डोळा कायमचा आळशी राहू शकतो. आणि फळ्यावरचं न दिसणारी मुलगी हळूहळू मागच्या बाकावर जाते. तिला अभ्यास नको असतो असं नाही, तिला अक्षरच दिसत नसतं.

आपल्या सिनेमांनी आणि मालिकांनीही वाईट सवय लावली. चष्मा म्हणजे कुरूप आणि चष्मा काढला की नायिका. ‘जस्सी जैसी कोई नहीं’ ही मालिका पुष्कळजणींना आठवत असेल. पण भिंतीवरच्या तसबिरीकडे बघा. बाबासाहेबांचा चेहरा चष्म्याशिवाय डोळ्यांपुढे येतो का? कनवटीची नोट काढून बघा, गांधीजींच्या डोळ्यांवर चष्मा आहे, आणि नव्या नोटेच्या मागच्या बाजूला तर नुसता चष्माच काढला आहे. इरावती कर्वे यांचे फोटो बघा. चष्म्याने यांच्यातलं कुणीच कमी दिसलं नाही. मग आपल्या लेकीलाच का तो काढायला लावायचा? तिला दुकानात न्या आणि फ्रेम तिलाच निवडू द्या. भडक जांभळी निवडली तरी निवडू द्या. तिने निवडलेला चष्मा ती लावेल.

तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळी बाजाराला याल तेव्हा कपाटातला तो जुना चष्मा पिशवीत टाकून आणा. फक्त सैल असेल तर दुकानदार पाच मिनिटांत नीट करून देईल. नंबर बदलला असेल तर तपासून घ्या. आणि फ्रेम खरंच आवडली नव्हती, असं असेल तर तेही घरात मोकळेपणाने सांगा. डोळे आपले आहेत, दिवसभराचं काम त्यांच्याच जिवावर चालतं.

काही प्रश्न असतील तर आम्हाला कळवा, पुढच्या भागात त्यांची उत्तरं घेऊ. तोवर नमस्कार.